संगणकातील सेतूंचे पत्ता-पट्टे : कर्नेलच्या वाटणी-पद्धतीचे विवेचन

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर पहिले अक्षर उमटते, त्यापूर्वीच त्याच्या अंतरंगात एक मोठी वाटणी पार पडलेली असते. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड इत्यादी उपकरणांशी प्रोसेसर जो व्यवहार करतो तो बव्हंशी पत्त्यांच्या द्वारेच करतो. स्मृतीतील एखाद्या स्थानी अंक लिहावा त्याचप्रमाणे तो एका विशिष्ट पत्त्यावर अंक लिहितो आणि त्या पत्त्याचा धनी असलेले उपकरण तो अंक उचलते. यास्तव प्रत्येक उपकरणास पत्त्यांचा स्वतःचा असा एक तुकडा मिळणे अवश्य ठरते. दोन उपकरणांस एकच तुकडा मिळाला तर दोघेही एकाच हाकेला ओ देतील. एखाद्यास तुकडाच मिळाला नाही तर ते यंत्रात बसविलेले असूनही मुके राहील.

ही वाटणी कोण करते, कोणत्या क्रमाने करते आणि ती कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विवेचन नेमके व्हावे म्हणून पीसीआय ही बस-पद्धती आणि लिनक्सचे कर्नेल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, ही दोनच उदाहरणे मुख्यत्वे घेतली आहेत. भाषेच्या अभ्यासकास हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी असलेली रचना वाक्यविचारात आपणांस नित्य भेटणारीच आहे. ती रचना म्हणजे वृक्ष होय, आणि त्या वृक्षावर घातलेली सलगतेची अट हे या विषयाचे मर्म होय.

१. बस, सेतू आणि क्रमांक

पीसीआय पद्धतीची पहिली मानके इंटेल कंपनीने १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. एका बसला जोडता येणाऱ्या उपकरणांस मर्यादा असल्यामुळे एका बसच्या पुढे दुसरी बस जोडण्याची सोय करावी लागली. ही सोय करणारे जे उपकरण त्यास ब्रिज म्हणतात; आपण त्यास सेतू म्हणू. सेतूंची स्वतंत्र मानके १९९४ मध्ये आली. पुढे पीसीआय एक्स्प्रेस ही पद्धती आली आणि सामाईक तारांच्या जागी दोन टोकांना जोडणारे स्वतंत्र दुवे आले. तथापि कर्नेलला दिसणारे चित्र बदलले नाही. किंबहुना नव्या पद्धतीत प्रत्येक दुवा ही एक बस आणि प्रत्येक पोर्ट हा एक सेतू म्हणून दिसू लागल्यामुळे सेतूंची संख्या वाढलीच.

मुळाशी यजमान-सेतू, त्याखाली शून्य क्रमांकाची बस, तिच्यावर काही उपकरणे व काही सेतू, त्या सेतूंखाली आणखी बस, असा हा वृक्ष असतो. बसचा क्रमांक आठ बिटांचा असतो; म्हणून एका वृक्षात अधिकात अधिक २५६ बस, एका बसवर ३२ उपकरणे आणि एका उपकरणात ८ कार्यघटक संभवतात. प्रत्येक सेतूच्या अंगी तीन क्रमांक नोंदलेले असतात : वरच्या बसचा, लगतच्या खालच्या बसचा, आणि आपल्याखालील संपूर्ण शाखेत जो क्रमांक सर्वांत मोठा असेल त्याचा. शेवटचे दोन क्रमांक पाहून सेतू ठरवितो की आलेली पृच्छा आपल्या शाखेसाठी आहे की नाही.

आता येथे एक मौजेची अडचण उद्भवते. शाखेतील सर्वांत मोठा क्रमांक शाखा हिंडून पाहिल्याविना कळत नाही. आणि तो क्रमांक सेतूत नोंदल्याविना पृच्छा शाखेत शिरत नाही. हा अन्योन्याश्रय तोडण्यासाठी युक्ती अशी की प्रथम शेवटचा क्रमांक तात्पुरता शक्य तितका मोठा, रूढ रीतीने २५५, लिहून ठेवावयाचा, शाखेच्या तळापर्यंत जाऊन बस मोजावयाच्या आणि परत येताना खरा क्रमांक नोंदावयाचा. अशा रीतीने खोलवर जाऊन क्रमांक दिले म्हणजे प्रत्येक शाखेचे क्रमांक आपोआप सलग येतात. क्रमांकांच्या बाबतीत ही सलगता जवळजवळ फुकट मिळते. पत्त्यांच्या बाबतीत मात्र ती फार महाग पडते.

२. सलगतेची अट

सामान्य उपकरणात आपला पत्ता नोंदण्यासाठी सहापर्यंत रजिस्टरे असतात. त्यांस बार असे संक्षिप्त नाव आहे. सेतूत अशी दोनच असतात. उरलेल्या जागेत त्याच्या शाखेसाठी पत्त्यांचे तीन पट्टे नोंदता येतात : पहिला जुन्या पद्धतीच्या इनपुट-आउटपुट पत्त्यांचा, दुसरा साध्या स्मृती-पत्त्यांचा आणि तिसरा पूर्ववाचनास योग्य अशा स्मृती-पत्त्यांचा. ज्या स्थानाचे वाचन केल्याने उपकरणाच्या स्थितीत फरक पडत नाही, ते पूर्ववाचनास योग्य. काही स्थाने अशी असतात की नुसते वाचताच तेथील नोंद पुसली जाते. त्यांस या तिसऱ्या पट्ट्यात स्थान नाही.

प्रत्येक पट्टा केवळ दोन संख्यांनी सांगितला जातो : आरंभ आणि अंत. या दोहोंच्या दरम्यानचा पत्ता आला की सेतू तो खाली जाऊ देतो, अन्यथा अडवितो. आरंभ अंतापेक्षा मोठा लिहिला तर पट्टा बंद समजला जातो. स्मृतीचे पट्टे १ मेगाबाइटच्या आणि इनपुट-आउटपुटचा पट्टा ४ किलोबाइटच्या पटीतच आखता येतो. शिवाय साधा स्मृती-पट्टा ३२ बिटांचाच असल्यामुळे तो पहिल्या ४ गिगाबाइटांच्या आतच बसवावा लागतो. पूर्ववाचनाच्या पट्ट्यास मात्र ६४ बिटांची मुभा असू शकते.

या योजनेचा अर्थ असा की सेतूखालील सर्व उपकरणांचे एका प्रकारचे सर्व पत्ते एकाच सलग पट्ट्यात यावयास हवेत आणि त्या पट्ट्यात शाखेबाहेरच्या कोणाचाही पत्ता येता कामा नये. वाक्यविचाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रत्येक पदबंधाची पदे एकमेकांस लागूनच असली पाहिजेत, मध्ये परक्या पदबंधाचे पद घुसता कामा नये. नैसर्गिक भाषा ही अट इतक्या कठोरपणे पाळीत नाही. आपल्या पद्यात विशेषण एका चरणात आणि विशेष्य दुसऱ्या चरणात असू शकते. लिंग, वचन व विभक्ती यांच्या खुणांवरून वाचक त्यांचा अन्वय लावतो. दूरान्वय हा दोष मानला गेला तरी त्याने अर्थ नाहीसा होत नाही. सेतूजवळ विभक्तीसारखी कोणतीही खूण नसते. अमुक पत्ता माझ्या शाखेचा, हे त्यास केवळ स्थानावरून कळते. म्हणून येथे दूरान्वय हा दोष न राहता सर्वथा अशक्य गोष्ट ठरते.

३. मागणी वर चढते, पत्ता खाली उतरतो

वाटणीचे पहिले पाऊल म्हणजे प्रत्येक उपकरणाची मागणी जाणून घेणे. याची रीत साधी आहे. कर्नेल बारमधील मूळ अंक बाजूस ठेवते, सर्व बिटे एक अशी लिहिते आणि मग काय लिहिले गेले ते परत वाचते. जी बिटे बदलण्यास उपकरण नकार देते व शून्यच ठेवते त्यांवरून मागणीचा आकार कळतो. यामुळे दोन गोष्टी ओघानेच येतात. आकार हा नेहमी दोनाच्या घातांकाचा असतो. आणि तुकड्याचा आरंभ त्याच्या आकाराच्या पटीतच असावा लागतो. १६ मेगाबाइटचा तुकडा १६, ३२, ४८ अशा स्थानी सुरू होईल; २० या स्थानी कधीही नाही.

एक उदाहरण घेऊ. शून्य क्रमांकाच्या बसवर एक सेतू आहे; त्यास पहिला सेतू म्हणू. त्याखाली १६ मेगाबाइट मागणारे एक उपकरण आणि दुसरा सेतू आहे. दुसऱ्या सेतूखाली दोन उपकरणे आहेत : एकाची मागणी ८ मेगाबाइट, दुसऱ्याची ६४ किलोबाइट. गणना तळापासून सुरू होते. दुसऱ्या सेतूची एकूण मागणी ८ मेगाबाइट अधिक ६४ किलोबाइट, म्हणजे पूर्ण मेगाबाइटात ९, आणि आरंभ ८ च्या पटीत. पहिल्या सेतूची मागणी १६ अधिक ९ म्हणजे २५ मेगाबाइट, आरंभ १६ च्या पटीत. येथे क्रमास महत्त्व आहे. मोठा तुकडा आधी ठेवला तर २५ मध्ये काम भागते. ९ मेगाबाइटांचा तुकडा आधी ठेवला तर १६ मेगाबाइटांच्या तुकड्यास सोळाव्या स्थानापर्यंत थांबावे लागते, मधले ७ वाया जातात आणि मागणी ३२ वर पोचते. म्हणूनच लिनक्स तुकडे ठेवताना ज्यांची अट अधिक कडक त्यांस अग्रक्रम देते.

मागणी मुळापर्यंत पोचली म्हणजे उलट प्रवास सुरू होतो. समजा, मुळाशी ३२०० व्या मेगाबाइटपासून जागा मोकळी आहे. मग पहिल्या सेतूस ३२०० ते ३२२५ हा पट्टा मिळतो; त्यातील ३२०० ते ३२१६ हा तुकडा मोठ्या उपकरणास; ३२१६ ते ३२२५ हा पट्टा दुसऱ्या सेतूस; आणि त्यातून पुढे ३२१६ ते ३२२४ हा तुकडा ८ मेगाबाइटवाल्यास व ३२२४ पासूनचे ६४ किलोबाइट शेवटच्या उपकरणास. दर ठिकाणी अंतिम संख्या वगळून मोजावयाचे आहे. हे अंक सेतूंत व बारमध्ये लिहिले की शाखा बोलू लागते.

ही दुहेरी चाल व्याकरणाच्या गणिती अभ्यासकांस ओळखीची वाटेल. डोनल्ड क्नुथ यांनी १९६८ मध्ये संदर्भमुक्त भाषांच्या अर्थाविषयी लिहिताना रचनावृक्षावरील गुणांचे दोन वर्ग केले : जे अपत्यांपासून घडत वर जातात ते, आणि जे वरून वारशाने खाली येतात ते. प्रस्तुत प्रश्नात आकार हा पहिल्या वर्गातील गुण होय आणि पत्ता हा दुसऱ्या वर्गातील. वृक्ष रिकामा असता दोन फेऱ्यांत काम संपते. त्यात कर्नेलच्या विवेकास फारसा वाव नाही.

४. वारशाचा प्रश्न

परंतु कर्नेलच्या हाती वृक्ष क्वचितच रिकामा येतो. नेहमीच्या वैयक्तिक संगणकात कर्नेलच्या आधी फर्मवेअर जागे होते. डिस्कवरून कर्नेल वाचण्यासाठी आणि पडद्यावर काही दाखविण्यासाठी त्यास उपकरणांची गरज असते. म्हणून त्याने स्वतःची वाटणी आधीच करून ठेवलेली असते. ती कधी पूर्ण असते, कधी अपुरी, कधी सदोष. कर्नेलला अशा वेळी कोऱ्या कागदावर लेखन करावयाचे नसून हाती आलेल्या संहितेचे संपादन करावयाचे असते. सर्व पुसून पुन्हा लिहावे, हा विचार मोहक असला तरी धोक्याचा आहे. पडद्याचे चित्र ज्या पत्त्यावर लिहिले जात आहे तोच पत्ता मध्येच हलविला तर अक्षरे जुन्या ठिकाणी लिहिली जातील आणि पडदा स्तब्ध राहील. फर्मवेअरचा काही भाग नंतरही गुपचूप चालू असतो. त्याच्या उपयोगातील उपकरण हलविल्यास काय घडेल याचा नेम नाही.

म्हणून वैयक्तिक संगणकांवर लिनक्सचे धोरण संयमी संपादकाचे आहे. बस-क्रमांक देताना ते दोन फेऱ्या करते : पहिलीत फर्मवेअरने आधीच क्रमांक दिलेले सेतू ग्राह्य धरावयाचे, दुसरीत उरलेल्यांस नवे क्रमांक द्यावयाचे. पत्त्यांच्या बाबतीतही प्रथम सेतूंचे विद्यमान पट्टे वरून खाली तपासून, मातेच्या पट्ट्यात बसत असतील तर, मान्य केले जातात. मग चालू स्थितीत असलेल्या उपकरणांचे तुकडे आणि त्यानंतर बंद असलेल्यांचे तुकडे, असा क्रम असतो. जे बसत नाही किंवा ज्यास मुळात पत्ताच नाही त्याचीच नव्याने सोय केली जाते. याउलट, लहान अंतःस्थापित यंत्रांत पुष्कळदा फर्मवेअर सेतूंना हात लावीत नाही. तेथे मागील प्रकरणातील दोन फेऱ्यांची शुद्ध पद्धती जशीच्या तशी चालते.

मुळाशी कोणती जागा वाटावयास मोकळी आहे, हे कोण सांगणार, हाही विश्वासाचाच प्रश्न होय. फर्मवेअर एसीपीआय या पद्धतीने यजमान-सेतूच्या हद्दींचे वर्णन करून ठेवते. हे वर्णन पुष्कळ जुन्या यंत्रांत बिनभरवशाचे असे. लिनक्सने २०१० मधील २.६.३४ या आवृत्तीपासून असा नियम केला की फर्मवेअर २००८ किंवा त्यानंतरचे असेल तर हे वर्णन प्रमाण मानावे. संहितेची विश्वसनीयता तिच्या कालावरून ठरविण्याचा हा प्रकार आपल्या शास्त्रातील लोकांस नवा वाटू नये.

५. खरा पेच

यंत्र चालू असताना नवे कार्ड बसविता येते, तेथे या व्यवस्थेची खरी कसोटी लागते. वरील उदाहरणाकडे पुन्हा वळू. दुसऱ्या सेतूखालील मोकळ्या जागी ४ मेगाबाइट मागणारे नवे कार्ड आले. आता या शाखेस ८, ४ आणि ६४ किलोबाइट मिळून १३ मेगाबाइट हवेत. म्हणजे पट्टा ३२१६ पासून ३२२९ पर्यंत वाढला पाहिजे. परंतु दरम्यान ३२२५ व्या मेगाबाइटवर शून्य क्रमांकाच्या बसवरील एक किरकोळ उपकरण १ मेगाबाइट घेऊन बसले आहे. मागच्या बाजूस सरकावे तर ३२१६ च्या अलीकडे लगेच १६ मेगाबाइटांचे उपकरण आहे. पलीकडे शेकडो मेगाबाइट मोकळे असोत. सलगतेच्या अटीमुळे त्यांचा या कार्डास काहीही उपयोग नाही. गावात माळरान ओस पडले असताना एका घराला खोली वाढविता येऊ नये, असाच हा प्रकार होय. लिनक्सच्या नोंदीत अशा वेळी 'नो स्पेस' असा शेरा उमटतो. त्याचा अर्थ जागा संपली असा नसून योग्य ठिकाणी सलग जागा नाही असा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या पेचावर तीन प्रकारचे उपाय योजिले जातात. पहिला उपाय आगाऊ तरतुदीचा. ज्या सेतूखाली पुढे कार्ड येण्याचा संभव आहे त्यास लिनक्स आधीच काही जागा राखून ठेवते. मूळ ठरीव प्रमाण स्मृतीसाठी २ मेगाबाइट आणि इनपुट-आउटपुटसाठी २५६ बाइट असे आहे, आणि ते वाढविता येते. पण तरतूद किती करावी याला निश्चित उत्तर नाही. थोडी केली तर ४ मेगाबाइटांचे कार्ड अडते. सढळ केली तर ४ गिगाबाइटांच्या आतील मर्यादित जागा रिकाम्या शाखांतच अडकून पडते.

दुसरा उपाय टप्प्याटप्प्याने माघार घेण्याचा. लिनक्स मागण्यांचे दोन भाग करते : अवश्य आणि ऐच्छिक. सर्वांची सोय होत नसेल तर ऐच्छिक मागणी सोडून अवश्य मागणीपुरती वाटणी करून पाहिली जाते. पुनर्वाटपाची मुभा दिलेली असेल तर आरंभीच्या वाटणीत आणखीही प्रयत्न होतात. पहिल्या प्रयत्नात सेतूंच्या जुन्या पट्ट्यांना हात लावावयाचा नाही. तो फसला तर तळच्या सेतूंचे अपुरे पट्टे मोडून पुन्हा मांडणी करावयाची. तरीही न साधल्यास एकेक पायरी वर चढत जावयाचे. प्रयत्नांची संख्या वृक्षाच्या खोलीवर अवलंबून असते. येथे संपादकाचे तेच तत्त्व दिसते : आवश्यक तेवढीच दुरुस्ती, आणि तीही शक्य तितक्या खालच्या पातळीवर.

तिसरा उपाय चालू उपकरणांना हलविण्याचा. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने अनेक पातळ्यांवर फेरवाटणीची सोय केली. तीत उपकरणाच्या ड्रायव्हरला प्रथम थांबण्याची आज्ञा होते, मग पट्टे बदलले जातात आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. हा मार्ग ड्रायव्हरच्या सहकार्यावर अवलंबून आहे. ज्याने थांबण्यास नकार दिला त्याच्याभोवती वाटणी अडून राहते. लिनक्सचा सामान्य नियम असा की ड्रायव्हरच्या ताब्यात गेलेल्या उपकरणाचा पत्ता हलवावयाचा नाही. कारण तो पत्ता आता केवळ कर्नेलच्या वहीतील नोंद राहिलेला नसतो. ड्रायव्हरने तो आपल्या अंतरंगात ठिकठिकाणी उतरवून घेतलेला असतो, आणि काही व्यवहार त्या क्षणी वाटेतही असतात.

हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही. भाषा-प्रक्रियेसाठी जी गणन-कार्डे वापरली जातात त्यांपैकी काही १६ गिगाबाइट किंवा त्याहूनही मोठा पट्टा मागतात. असा पट्टा पहिल्या ४ गिगाबाइटांत बसणे अशक्य; तो त्यापलीकडे, पूर्ववाचनाच्या ६४ बिटी पट्ट्यातच बसविता येतो. फर्मवेअरने ती वरची जागा मोकळी केली नसेल, किंवा वाटेतील एखाद्या सेतूचा पट्टा अपुरा आखला असेल, तर उत्तम कार्ड यंत्रात असूनही कामास येत नाही. अशा वेळी कार्ड सदोष ठरवून परत पाठविण्यापूर्वी कर्नेलच्या आरंभीच्या नोंदी वाचणे अगत्याचे आहे. लिनक्समध्ये 'आयओमेम' या नावाची एक फाइल प्रोक निर्देशिकेत असते. तीत सर्व पट्टे वृक्षाच्या क्रमाने, प्रत्येक पिढीस थोडा समास सोडून, मांडलेले दिसतात. मात्र खरे अंक पाहण्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. ज्यास वाक्याचा रचनावृक्ष वाचता येतो त्यास ही फाइल वाचणे कठीण जाऊ नये. कोणती शाखा कोणत्या पट्ट्यात आहे, तिच्या दोन्ही बाजूंस कोण बसले आहे, आणि अडचण नेमकी कोणत्या सेतूपाशी आहे, हे त्यावरून बहुधा उमगते.

६. उपसंहार

येथवरच्या विवेचनावरून असे म्हणता येईल की सेतूंच्या पट्ट्यांची वाटणी हा गणिताच्या दृष्टीने अवघड प्रश्न नाही. मागणी तळातून वर न्यावयाची आणि पत्ता मुळातून खाली आणावयाचा, एवढेच त्याचे सूत्र आहे. तो अवघड होतो तो दोन कारणांनी. एक तर सेतूस आपली अपत्ये केवळ स्थानावरून ओळखता येतात, म्हणून सलगतेस पर्याय नाही. दुसरे असे की एकदा दिलेला पत्ता वापरात आला म्हणजे तो परत घेणे सुलभ नसते, म्हणून आधी झालेली प्रत्येक वाटणी पुढच्या वाटणीस बांधून टाकते. कर्नेलचे कौशल्य नवी आदर्श रचना करण्यापेक्षा हाती आलेल्या रचनेत कमीत कमी फेरफार करून तिला चालती ठेवण्यात अधिक दिसून येते. पहिल्या कारणास उत्तर हवे असेल तर सेतूंची मानकेच बदलावी लागतील. दुसऱ्यास हवे असेल तर प्रत्येक ड्रायव्हरला थांबावयास आणि नव्या पत्त्यावर पुन्हा उभे राहावयास शिकवावे लागेल. तोवर नव्या कार्डाची सोय होणे हे बव्हंशी यंत्र सुरू होतेवेळी कोणी किती दूरवर पाहिले होते, यावरच अवलंबून राहील.